कॅसिनोत सुपरवायझर व्हायचे आहे: भांडुपच्या वाचकाला उत्तर

माननीय ताई,
मी २८ वर्षांचा असून भांडुपला आई-वडिलांसोबत राहतो. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतल्यानंतर गेली सहा वर्षे अंधेरीतील एका हॉटेलात काम करतो आहे आणि सध्या बँक्वेट विभागात कॅप्टन आहे. पगार जिथल्या तिथे थांबला आहे. मला कॅसिनोत फ्लोअर सुपरवायझर व्हायचे आहे. एका एजंटाने कंबोडियात थेट ती जागा देतो असे सांगून दोन लाख रुपये मागितले आहेत. व्हिसा पर्यटकाचा असेल आणि तो तिथे गेल्यावर बदलून मिळेल, असे तो म्हणतो. पैसे अजून दिलेले नाहीत, पण पासपोर्ट त्याच्याकडे आहे. पत्त्यांच्या खेळांची मला चांगली माहिती आहे. पूर्वी मोबाइलवर रमी खेळायचो, त्यात थोडे पैसे गेले, पण ते आता बंद आहे. वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. ‘जुगाराच्या अड्ड्यावर काम करणार असशील तर या घरात पाऊल ठेवू नकोस’, असे ते म्हणाले. मुंबईतच असे काम मिळेल का? नाहीतर मी काय करावे?
– एक वाचक, भांडुप

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण त्यांतील एकाला थांबायला वेळ नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करते. हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम म्हणजे त्या एजंटाकडे जाऊन पासपोर्ट परत आणणे. एकटे जाऊ नका, सोबत कोणालातरी न्या. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते आणि कोणत्याही खासगी माणसाला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नसतो. त्याने टाळाटाळ केली, ‘व्हिसासाठी पाठवला आहे’ असे सांगितले किंवा आधी पैसे मागितले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयालाही पाठवा.

मी इतक्या ठामपणे लिहिते याला कारण आहे. पर्यटक व्हिसावर कंबोडिया, लाओस किंवा म्यानमारला नेऊन तिथे चांगल्या पगाराची नोकरी देण्याच्या आमिषाबद्दल आपले परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून वारंवार इशारे देत आले आहे. कॅसिनोत, हॉटेलात किंवा संगणकावर काम आहे असे सांगून नेलेल्या अनेक तरुणांचे पासपोर्ट तिथे पोहोचताच काढून घेतले गेले, त्यांना कुंपणाआड कोंडले गेले आणि फोनवरून किंवा समाजमाध्यमांवरून लोकांना फसवण्याचे काम त्यांच्याकडून बळजबरीने करून घेतले गेले. म्यानमारमध्ये थायलंडच्या सीमेलगत असलेल्या म्यावाड्डीच्या परिसरातून सुटका झालेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. तुमचा एजंट त्याच टोळीतला आहे असे मी म्हणत नाही. मी त्याला ओळखत नाही. पण खरी नोकरी देणारा मालक कामाचा व्हिसा आधी काढतो आणि मग माणसाला बोलावतो. शिवाय परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी असावी लागते आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. तुमच्याकडे दोन लाख मागितले आहेत. यापुढे त्या प्रस्तावाचा विचार करण्यासारखे काही उरत नाही.

आता तुमच्या इच्छेकडे वळू. मुंबईत असे काम मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, कारण महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनोच नाही. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणी यांसाठी एक कायदा संमत केला होता, परंतु तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणून मुंबईत किंवा आसपासच्या फार्महाउसवर ‘कॅसिनोत माणसे हवी आहेत’ असे कोणी सांगितले, तर तो जुगाराचा अड्डा आहे असे समजावे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्डा चालवणाऱ्याबरोबरच तो चालवायला मदत करणाराही गुन्हेगार ठरतो, आणि पोलिसांचा छापा पडतो तेव्हा पगारी माणूसही त्यात सुटत नाही. असा एक गुन्हा नावावर लागला की परवाना असलेल्या कॅसिनोचे दार कायमचे बंद होईल, कारण तिथे नोकरी देण्यापूर्वी पोलिसांकडील पडताळणी मागतात.

याला लागून एक प्रकार वेगळा आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. लग्नसमारंभांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत खोट्या चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांवर, पैशांची देवघेव न करता, नुसत्या करमणुकीसाठी कॅसिनोची टेबले मांडली जातात. हॉटेलात सहा वर्षे काढल्यावर तुम्ही ती पाहिलेली असणारच. अशी टेबले पुरवणाऱ्यांना शनिवार-रविवारी पत्ते वाटणारी माणसे लागतात. पैसे फार मिळत नाहीत, पण हाताला वळण लागते आणि लोकांच्या नजरेसमोर उभे राहून पत्ते वाटण्याची भीती जाते. मुंबईत राहून कायदेशीरपणे शिकण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. भरमसाट फी घेऊन ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या शिकवण्यांपासून मात्र दूर राहा.

तुमची मुख्य अडचण मला निराळीच वाटते. तुम्हाला थेट सुपरवायझर व्हायचे आहे. तुम्ही आज वेटरांवर देखरेख करता, त्यामुळे देखरेख हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते हॉटेलातून उचलून कॅसिनोत ठेवता येईल, असा तुमचा समज झालेला दिसतो. हॉटेलात तो काही अंशी खराही आहे. कॅसिनोच्या टेबलांवर तो खरा नाही. तिथली शिडी डीलरपासून, म्हणजे टेबलावर पत्ते वाटून खेळ चालवणाऱ्यापासून, सुरू होते. काही वर्षे टेबलामागे उभे राहून खेळ चालवल्यानंतर डीलरचा सुपरवायझर होतो, त्यावर पिट बॉस (टेबलांच्या एका गटाचा प्रमुख), त्यावर शिफ्ट मॅनेजर. जागांची नावे जागोजागी बदलतात, पण क्रम बदलत नाही, आणि पहिली पायरी गाळून वर गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. ‘थेट सुपरवायझर करतो’ हे वाक्यच त्या एजंटाच्या खोटेपणाची पहिली खूण होती.

असे का, हे कळण्यासाठी सुपरवायझर दिवसभर काय करतो ते नीट पाहावे लागेल. त्याच्याकडे साधारणपणे दोन ते चार टेबले असतात. टेबल उघडताना त्यावर किती रकमेच्या चिप्स आहेत हे तो डीलरसोबत मोजून सही करतो. मध्येच चिप्स कमी पडल्या तर कॅश विभागाकडून येणारा चिप्सचा भरणा तोच तपासून घेतो. टेबल बंद होताना पुन्हा मोजणी करतो. पाहुण्याने नोटा टाकल्या की डीलर त्या टेबलावर पसरून, रक्कम मोठ्याने सांगून मगच पेटीत ढकलतो, आणि सुपरवायझरने ते ऐकलेले व पाहिलेले असावे लागते. कोणता पाहुणा सरासरी किती लावतो आणि किती वेळ बसतो, याची नोंद त्याच्याकडे असते. रोख रकमांवरही त्याचे लक्ष हवे, कारण २००९ च्या दुरुस्तीनंतर कॅसिनो हे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले असून दहा लाखांवरील रोख व्यवहारांची आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती सरकारला कळवावी लागते.

आणि मग तंटे. असे समजा की रूलेटचे, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोटी टाकून खेळायच्या खेळाचे, चाक थांबले, गोटी १७ वर पडली, आणि एक पाहुणा म्हणाला की माझी पाचशेची चिप १७ आणि २० यांच्यामधल्या रेषेवर, म्हणजे दोन्ही आकड्यांवर मिळून लावलेली होती, डीलरने ती चुकून उचलली. चिप रेषेवर होती हे खरे असेल, तर त्याला सतरापट म्हणजे ८,५०० रुपये आणि त्याची चिप परत मिळायला हवी. ती थेट १७ वर असती तर पस्तीसपट म्हणजे १७,५०० रुपये. आणि ती फक्त २० वर होती असे निघाले तर काहीच नाही. मागे चार लोक उभे आहेत, पाहुण्याने मद्य घेतलेले आहे, डीलर घाबरलेला आहे आणि पुढचा डाव अडला आहे. सुपरवायझरने अशा वेळी पुढचा डाव थांबवून ठेवायचा असतो, टेबलावरील एकाही चिपेला हात लावू द्यायचा नसतो, पाहुण्याला शांतपणे बोलू द्यायचे असते, स्वतःचे मत सांगायचे नसते, आणि वर कॅमेरे पाहत बसलेल्या विभागाला फोन करून चित्रण तपासून घ्यायचे असते. पाहुण्याला सांभाळण्याचा भाग तुम्हाला आजही जमेल. लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही यापेक्षा मोठी भांडणे मिटवली असतील. पण डीलरचा हात कुठे घसरू शकतो, चिपांच्या राशीतून एखादी तळहातात लपवून कशी नेतात, निकाल लागल्यावर हळूच चिप कशी सरकवतात, हे ज्याने हजारो डाव स्वतः वाटले आहेत त्याच्याच डोळ्यांना दिसते. डीलरही अशाच माणसाचे ऐकतात.

म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही शिकाऊ डीलर म्हणून अर्ज करावा, आणि तो गोव्यात करावा. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर टेबलांवरील खेळांना परवानगी मिळाली. त्यामुळे डीलरचे काम मुख्यतः पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या नौकांवर असते. मोठ्या कॅसिनोंमध्ये नवख्या मुलांना निवडून स्वतःच शिकवण्याची पद्धत आहे. तिथे तीन पत्ती आणि अंदर-बाहर यांसारखे आपल्याकडचे खेळही चालतात, येणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे लोक बरेच असतात, आणि मराठी, हिंदी व कामापुरते इंग्रजी सहज बोलणाऱ्या माणसाला तिथे किंमत आहे.

पगार सुरुवातीला तुमच्या आजच्या पगाराहून कमी असू शकतो. वयाने लहान मुलांबरोबर शिकावे लागेल. रात्रपाळी ही तिथली नेहमीची पाळी आहे. मुलाखतीत कदाचित तुम्हाला, तुमचा अनुभव पाहून, खानपान विभागात सुपरवायझरची जागा देऊ करतील आणि ‘नंतर टेबलांकडे बदली करू’ असे सांगतील. ती जागा घेऊ नका असे मला वाटते. ती वेगळी शिडी आहे, आणि तिच्यावर दोन पायऱ्या वर गेल्यावर पुन्हा खाली उतरून शिकाऊ होण्याचे धैर्य बहुतेकांना होत नाही. एक वर्षाचा कमी पगार आता सोसणे परवडते, कारण तुम्ही २८ वर्षांचे आहात आणि पत्रात कर्जाचा उल्लेख नाही. राहण्याची सोय, टिपांच्या वाटपाची पद्धत, आणि प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही असा करार आहे का, या तीन गोष्टी लेखी घ्या. या धंद्यावर सध्या ताणही आहे: खेळण्यासाठी भरलेल्या रकमेवरील जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे, आणि मांडवीतील नौकांना राज्य सरकार वेळोवेळी मुदतवाढ देत आले आहे. मोठ्या आणि जुन्या कंपनीतच जा, हा त्याचा अर्थ.

सिक्कीममध्ये गंगटोकला आणि नेपाळमध्ये काठमांडूलाही कॅसिनो आहेत, पण मुंबईच्या माणसाने गोवा सोडून तिकडून सुरुवात करण्याचे कारण मला दिसत नाही. मकावचा विचार मनात असेल तर तो काढून टाका, तिथे डीलरची कामे स्थानिक रहिवाशांसाठीच राखीव आहेत. सिंगापूरमध्ये दोन मोठे कॅसिनो आहेत आणि तिथे टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. संयुक्त अरब अमिरातीत रास अल खैमा येथे विन कंपनीचा कॅसिनो २०२७ मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे, आणि गोव्यात दोन-तीन वर्षे काढलेल्या माणसाने त्याकडे जरूर लक्ष ठेवावे. मात्र त्या नावाने येणारी प्रत्येक जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी.

तुमच्यासाठी दुसरा टप्पा म्हणून मला प्रवासी जहाजांचे कॅसिनो अधिक योग्य वाटतात. ते अनुभवी डीलर घेतात, तीन-चार खेळ येणाऱ्याला आधी घेतात, आणि जहाज बंदरात असताना कॅसिनो सहसा बंद असतो, त्यामुळे विश्रांती मिळते. त्यासाठी सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदवही) काढावी लागते आणि एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम करावे लागतात, आणि इथे मुंबईत राहण्याचा तुम्हाला खरा फायदा आहे, कारण जहाजवाहतूक महासंचालनालय मुंबईतच आहे आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थाही इथे पुष्कळ आहेत. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असावा लागतो आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे त्याला नियमाने मनाई आहे. ही दुसरी गोष्ट कोणी लपवण्याचा प्रयत्न केला तर तिथून उठून या.

आता पत्रातील त्या ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: मोबाइलवर रमी खेळायचो, त्यात थोडे पैसे गेले, पण ते आता बंद आहे. मी ती ओळ अनेकदा वाचली. पैसे लावून खेळण्याची ॲप ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाली. म्हणून मला विचारायचे आहे, की खेळ तुम्ही बंद केलात की ॲप बंद झाले म्हणून तो थांबला? या दोहोंत फार अंतर आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. ‘थोडे’ म्हणजे किती, हे घरी माहीत आहे का? हरलेले भरून काढण्यासाठी कधी उसने घेतले होते का? मी दोष देण्यासाठी विचारत नाही. पण ज्याला खेळाची ओढ आहे त्याच्यासाठी ही नोकरी धोक्याची आहे. रोज आठ तास लोक पैसे लावताना बघायचे, कधीतरी कोणी एका रात्रीत तुमच्या वर्षभराच्या पगाराएवढे जिंकताना बघायचे, आणि हाताला काही शिवू द्यायचे नाही. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका घरावर लावलेल्याला फक्त पस्तीसपट मिळते. त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. हे गणित ज्याच्या अंगी मुरले आहे तोच तिथे सुखाने काम करू शकतो. तुमचे प्रामाणिक उत्तर ‘ओढ अजून आहे’ असे असेल, तर हे क्षेत्र सोडा, बँक्वेटमध्येच पुढे जाण्याचे मार्ग मी तुम्हाला आनंदाने लिहीन, आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, शासकीय क्रमांकावर आधी बोला. तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिले वडील. त्यांच्या रागाला जुनाट विचार म्हणून बाजूला सारू नका. त्यांच्या पिढीने या शहरात मटका पाहिला आहे. गिरणगावात पगाराच्या दिवशी आकड्यावर पैसे लावून रिकाम्या हाताने घरी येणारी माणसे, आणि त्या घरांतील बायकांनी काढलेले दिवस, त्यांनी ऐकीव नव्हे तर डोळ्यांनी पाहिलेले असतील. तुम्ही ज्या टेबलावर उभे राहणार आहात तिथेही लोक हरणारच आहेत, हे त्यांना आधी तुम्हीच सांगा. ते लपवून परवाना, कर आणि कायदा यांच्याच गोष्टी सांगितल्यात तर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये.

पण त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे एक वाट आहे, जी दुसऱ्या कोणाकडे नसेल. त्यांनी आयुष्यभर परक्यांचे पैसे गर्दीत, धक्क्यांत, हातात मोजून घेतले. मोठ्याने बोलून सुटे परत दिले. आणि पाळी संपल्यावर डेपोत वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबपत्रकाशी, रोकड जुळवून दिली. रक्कम कमी भरली तर काय होते, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. सुपरवायझरच्या कामाचा मोठा भाग हाच आहे, आणि हा भाग त्यांना समजेल. गोव्याला मुलाखतीला जाण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसा. मुलाखतीत तोंडी हिशेब विचारतात, आणि रूलेटला पाच, आठ, अकरा, सतरा व पस्तीस यांचे पाढे लागतात, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाला दीडकी, म्हणजे दीडाचा पाढा, लागते. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी पाठ करून घेत असत. त्यांना म्हणावे, तुम्ही विचारा, मी उत्तर देतो, आणि चुकलो की थांबवा. या काळात त्यांनी होकार दिलाच पाहिजे असा आग्रह धरू नका, फक्त रोज बसा. आणि रमीची गोष्ट अजून सांगितली नसेल, तर पहिल्या संध्याकाळी, पाढे सुरू करण्याआधी, ती त्यांना खरी रक्कम धरून सांगा.